खांबेटे सरांचं शंभर टक्के धुकं

"काय मस्त क्लायमेट आहे आज!"

हे वाक्य मी सांगलीत जन्मभर बोलत आलो आणि कुणी मला त्याबद्दल कधी अडवलं नव्हतं. सांगलीत तो नमस्काराचाच एक प्रकार आहे. बँकेने बदली करून मला बनारसला पाठवलं, रामघाटावरच्या एका गल्लीत तळमजल्याची जागा मिळाली, आणि पहिल्याच आठवड्यात जिन्यात घरमालक भेटले. त्यांना खूश करावं म्हणून मी, हातात दुधाची पिशवी आणि तोंडावर भाडेकरूचं हसू घेऊन, हे वाक्य टाकलं.

घरमालक वर चालले होते, ते दोन पायऱ्या खाली आले.

"क्लायमेट?" ते म्हणाले. "कुठे दिसलं तुम्हाला?"

मी दाराबाहेरच्या उन्हाच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं.

"ते वेदर. ते आज आहे, उद्या नाही. क्लायमेट बघायचं असेल तर या जिन्यात तीस वर्षं उभं राहावं लागेल. आहे तयारी?"

तीस वर्षं नाही, पण दूध कोमट होईपर्यंत मी उभा राहिलो. शेवटी माझ्या चेहऱ्यावर काही उमटत नाही असं बघून त्यांनी उदाहरण दिलं. "हे बघा. तुमच्या घरी आज भात करपला, हे वेदर. तुमच्या घरी भात करपतोच, हे क्लायमेट."

नेमकी त्याच क्षणी माझी बायको सुनीता दार उघडून बाहेर आली, आणि तिने फक्त शेवटचं वाक्य ऐकलं.

खांबेटे सरांशी आमची ओळख झाली ती अशी. सुनीता पुढे आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही, आणि माझ्याशी त्याहून जास्त दिवस.

दिगंबर खांबेटे हे रामघाटावरच्या जुन्या वैदिक घराण्यातले. आजोबा घनपाठी, वडील घनपाठी, म्हणजे वेदाचे शब्द उलटसुलट गुंफून तोंडपाठ म्हणणारे. 'घन' या शब्दाचा अर्थ 'ढग' असा घेणारे त्या घराण्यातले हे पहिलेच. विद्यापीठात ते पहिल्या वर्षाच्या मुलांना हवा, समुद्र आणि हवामान यांचं भौतिकशास्त्र शिकवतात. जन्मभर पहिल्याच वर्षाला. वरचे वर्ग घ्या म्हणून विभागाने पुष्कळदा विनवून पाहिलं. सर म्हणतात, "वरच्या वर्गातली मुलं गप्प बसून लिहून घेतात. पहिल्या वर्षाचा मुलगा हात वर करून विचारतो, सर, वारा वाहतो कशाला? एवढा चांगला प्रश्न पुढे कुणी विचारत नाही."

अंगाने उंच आणि काटकुळे. हिवाळ्यात माकडटोपी, उन्हाळ्यात डोक्यावर ओला गमछा. रोज सकाळी आणि संध्याकाळी छतावर जाऊन तापमापक बघायचा, आकाश बघायचं आणि खाली येताना ते आपल्यालाच कुणीतरी सोपवलंय अशा चेहऱ्याने यायचं. बनारसमध्ये 'गुरु' हा शब्द न्हाव्यापासून नावाड्यापर्यंत कुणालाही लागतो. यांना मात्र सगळी गल्ली 'मौसम गुरु' म्हणते, आणि त्यात थोडा आदर आणि बरीच मस्करी असते.

मस्करीचं कारण टक्के. रामघाटावर घरोघरी भटजी. मुहूर्त विचारला तर मिनिटासकट सांगतील आणि वर छातीवर हात ठेवतील. त्या गल्लीत राहून हे गृहस्थ कधीही 'हो' किंवा 'नाही' म्हणत नाहीत. शेजारच्या पाठक भटजींनी मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी विचारलं, "सर, उद्या पाऊस?"

"साठ टक्के."

"म्हणजे येणार?"

"म्हणजे असे दहा दिवस असले तर त्यातल्या सहा दिवशी येतो."

"अहो, पण माझ्या मुलीचं लग्न एकाच दिवशी आहे!"

"त्याला माझा इलाज नाही," सर म्हणाले. "खात्री हा माझ्या शास्त्रातला शब्द नाही, दुकानदाराचा आहे."

पाठकांनी मांडवही घातला आणि सरांशी बोलणंही टाकलं.

छतावरून मणिकर्णिकेच्या चिता दिसत नाहीत, पण घरांच्या डोक्यावरून धूर दिसतो. नवा माणूस तो धूर पाहून हात जोडतो. मीही जोडले. सर माझ्या कानाशी म्हणाले, "बघा, कसा आडवा पसरलाय. वर जात नाही. म्हणजे खाली गार हवा आणि वर उबदार हवेचं झाकण. ऊन चढलं की झाकण उघडेल."

जिन्यातून त्यांच्या बहिणीचा आवाज आला, "दिगू, लोकांच्या चितांवर तू हवापाणी बघतोस, शरम नाही वाटत?"

"आक्का, ते बिचारे गेले. जाताजाता वारा कुठला ते सांगून जातात. उपकारच आहेत."

हिवाळ्यात बनारसला मलइयो मिळते. दूध रात्रभर उघड्या आकाशाखाली दवात ठेवायचं, पहाटे घुसळून त्याचा केशरी फेस काढायचा आणि मातीच्या कुल्हडात भरायचा. तोंडात घातली की आहे म्हणेपर्यंत नाही. आपण ती खातो, सर ती वाचतात. पहिला चमचा घेऊन डोळे मिटले आणि म्हणाले, "फेस बसलाय. काल रात्री ढग होते. जमिनीची उष्णता आकाशात निघून गेली नाही, दूध हवं तेवढं गारठलं नाही."

मलइयोवाला म्हणाला, "अरे गुरु, बादल-वादल कुछ नहीं. कल साले से मथवाया था, वो बीच में सो गया."

सर जराही ओशाळले नाहीत. "तीही एक शक्यता होती," म्हणाले आणि दुसरा कुल्हड घेतला.

आता आक्का. आक्का म्हणजे सरांच्या थोरल्या बहीण. यजमान गेल्यावर त्या माहेरी आल्या आणि भावाचं घर हाती घेतलं. सर अविवाहित. का, याची गल्लीत एकच कथा आहे. तरुणपणी मुलगी बघायला गेले असता मुलीच्या वडिलांनी विचारलं, "मग, पसंत आहे का?" सर म्हणाले, "शक्यता चांगली आहे." मुलीकडच्यांनी चहाचे कप परत आत नेले.

आक्कांचं मराठी काशीचं. त्यांना थंडी वाजत नाही, 'ठंडी लागते'. त्यांची प्रकृती बिघडत नाही, 'तबियत ढिली' होते. मला त्या पहिल्या दिवसापासून 'भैय्या' म्हणतात, आणि सुनीताला नावाने. रोज सकाळी त्या घरात एक प्रश्नोत्तर होतं, ते आमच्या तळमजल्यापर्यंत ऐकू येतं. उन्हाळ्यातलं एक मला तोंडपाठ आहे.

"दिगू, छतावर कुरडया घालू का रे? आंधी तर नाही यायची?"

"चाळीस टक्के येईल."

"अरे, मी काय विचारतेय? घालू का नको?"

"चाळीस टक्के, आक्का. यापुढे तू ठरव."

"ठीक आहे," आक्का म्हणाल्या. आणि त्यांनी अर्ध्याहून थोडा जास्त चीक छतावर घातला, बाकीचा पातेल्यात झाकून ठेवला. दुपारी धुळीची आंधी आली. छतावरच्या कुरडया कुठे कुठे गेल्या ते पुढे आठवडाभर शेजारणी सांगत होत्या. सर धापा टाकत आमच्या दारात आले. "बँकवाले, ऐकलंत? जोखीम वाटून टाकली हिने! पुस्तकात हे शेवटच्या प्रकरणात येतं. हिला शिकवलं कुणी?"

वरून उत्तर आलं, "शिकवलं कुणी म्हणजे? तुझ्या एका शब्दावर अख्खं पातेलं उघड्यावर टाकायला मी काय पागल आहे?"

आक्कांचं हवामान पंचांगातून येतं. तिथे पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन असतं, बेडूक, कोल्हा, मोर असं, आणि त्यावरून पाऊस कळतो. एका वर्षी त्यांनी जाहीर केलं, "यंदा आर्द्रेचं वाहन म्हैस आहे. भरपूर पडणार."

"आक्का, यंदा प्रशांत महासागर तापलाय. कमी पडण्याकडे कल आहे."

"कुठे आहे तो?"

"थेट अमेरिकेपर्यंत."

"मग अमेरिकेतल्या बायकांनी बघावं. आपल्याकडे म्हैस आहे."

पाऊस त्या वर्षी बेताचा झाला, आणि दोघांनीही तो आपापल्या खात्यात जमा केला.

मी एकदा सरांच्या तासाला बसलोय. तेच म्हणाले होते, "या एकदा, व्याजाच्या बाहेरही जग आहे." त्या दिवशी त्यांनी कुंभाराचं चाक ई-रिक्षात घालून वर्गात आणलं होतं. त्यावर पाण्याची परात ठेवली, चाक फिरवलं आणि निळ्या शाईचा थेंब सोडला. सरळ जाण्याऐवजी शाई पाण्यात झोकदार वळणं घेत पसरायला लागली. पृथ्वी फिरते म्हणून वारे आणि समुद्रातले प्रवाह असेच वळतात, सर म्हणाले. पुढच्या बाकावरच्या दोघांच्या शर्टांवरही ते वळले. मी मागे बसून कौतुकाने मान हलवत होतो. शाळेत असताना मान हलवली की मास्तर आपल्याला विचारत नसत, हा माझा अनुभव. इथे तो उपयोगी पडला नाही.

"पीछे जो बैंक के साहब बैठे हैं," सर म्हणाले, "वो बताएँगे. मुंबई में सर्दी क्यों नहीं पड़ती?"

सगळा वर्ग वळला. मी उभा राहिलो. "सर, भीड़ बहुत है."

हशा ओसरल्यावर सरांनी खडू ठेवला. त्यांचं हिंदी ऐकायला गोड आहे, पण मी ते आपल्या भाषेत सांगतो. "हवा म्हणजे घरातला धाकटा भाऊ," ते म्हणाले. "सकाळी भडकतो, दुपारी उकळतो, रात्री गारठून रडतो. समुद्र म्हणजे थोरली दीदी. उशिरा तापते, उशिरा निवते. भावाचा जेवढा म्हणून ताप आहे तेवढा पोटात घेते आणि बोलत नाही. ती शेजारी असली की भावाचं डोकं ठिकाणावर राहतं. म्हणून मुंबईत ना कडाक्याचा उन्हाळा, ना कडाक्याची थंडी."

एका मुलाने विचारलं, "और सर, दीदी न हो तो?"

सर फळ्याकडे वळले. "तर वाळवंट. दिवसा भट्टी, रात्री थंडी, आणि मध्ये बोलायला कुणी नाही. पुढे लिहा."

मला वाटलं, उदाहरण बरं आहे. त्यापलीकडे माझी अक्कल त्या दिवशी गेली नाही.

मग एका मार्गशीर्षात विनायकचा फोन आला. विनायक म्हणजे आक्कांचा एकुलता एक मुलगा. नाशिकला कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर आहे, स्वभावाने सालस. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते. मोठा फ्लॅट घेतला होता, इमारतीला लिफ्ट होती, आईने आता इथले उंच जिने चढउतर करू नयेत, तिकडेच कायमचं यावं असं त्याचं म्हणणं होतं, आणि तो संक्रांतीच्या आधी न्यायला येणार होता.

आक्का हे सांगत होत्या तेव्हा आम्ही दोघं वर चहाला होतो. सर म्हणाले, "उत्तम." मग थोडं थांबून म्हणाले, "फारच उत्तम." सर एक गोष्ट दोनदा कधी सांगत नाहीत. सुनीताने माझ्याकडे बघितलं.

त्या दिवसापासून त्या घरात एक चमत्कारिक शांतता सुरू झाली. म्हणजे आवाज होते, बोलणं होतं, पण जे बोलायचं ते कुणी बोलत नव्हतं. आक्का जाता-येता सांगायच्या, हिंग वरच्या फळीवर आहे, डाळीला आधी भिजव, दूधवाला पाणी घालतो, त्याच्यावर नजर ठेव. सर "हो" म्हणायचे. तू जाऊ नकोस असं सर म्हणेनात, मी जाऊ का असं आक्का विचारेनात. सकाळचा प्रश्न बंद झाला. छतावर वाळत घालायला काही नव्हतंच म्हणा, थंडीचे दिवस. पण आक्का तर थंडीतही विचारायच्या, नुसतं विचारायचं म्हणून.

"तुम्ही बोला ना सरांशी," सुनीता मला म्हणाली.

"मी काय बोलणार? मी भाडेकरू."

"मग आक्कांशी बोला."

"त्या घरमालकांच्या बहीण."

"बँकेत कर्ज मागायला आलेल्या माणसाच्या आजोबांपर्यंत चौकशी करता. इथे जीभ उचलत नाही?"

नाही उचलली. विनायक आला. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी होती. त्याआधीचा सगळा आठवडा धुक्याचा गेला होता, समोरचा घाट दिसत नव्हता, गाड्या अर्धा अर्धा दिवस उशिरा धावत होत्या. संध्याकाळी आम्ही सगळे वर जमलो. आक्का चहा गाळत होत्या. विनायकने सहज विचारलं, "मामा, उद्या धुकं असेल का हो? गाडी वेळेवर सुटेल ना?"

सर खिडकीशी उभे होते. त्यांच्या खांद्यावरून मला मणिकर्णिकेचा धूर दिसत होता, नदीकडे चांगलाच झुकलेला. तो झुकला काय आणि उभा राहिला काय, मला त्याचं काय?

"पडणार," सर म्हणाले.

"किती टक्के?" मी डोळा मारत विचारलं.

"शंभर."

गाळणीवरचा आक्कांचा हात थांबला.

"शंभर?" विनायक हसला. "मामा, तुमच्या तोंडून हा आकडा पहिल्यांदा ऐकतोय."

"शंभर," सर पुन्हा म्हणाले, आणि त्यांनी विनायकला समोर बसवून पहिल्या वर्षाचा निम्मा अभ्यासक्रम शिकवला. रात्र लांब. आकाश निरभ्र, म्हणजे जमीन आपली सगळी उष्णता वर सोडून देणार. धुक्याआधी पडलेल्या पावसाने माती ओली, शेजारी एवढी मोठी नदी, म्हणजे वाफेला तोटा नाही. ती वाफ गारठून जमिनीलगत बसली की झालं धुकं. "अशा धुक्यात आईला फलाटावर दिवसभर बसवणार तू? या वयात? या थंडीत?"

विनायक विचारात पडला. मी मात्र पडलो नाही. माझ्यासमोर शास्त्र शंभर टक्के बोललं होतं. मी त्याचा फोन मागून घेतला, तिकिटं रद्द केली आणि संक्रांतीनंतरची नवी काढून दिली. बँकेत ज्याला मी तीन सह्या मागितल्या असत्या ते काम चहा निवायच्या आत उरकलं. आक्कांनी कप पुढे केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं आणि डोळ्यांवर हात धरला. असं लखलखीत ऊन त्या हिवाळ्यात पडलं नव्हतं. पलीकडच्या तीरावरची वाळू दिसत होती, वाळूपलीकडची झाडं दिसत होती, झाडांवरचे पक्षीही बहुधा दिसले असते. पोरं छतांवर पतंग घेऊन चढली होती आणि पतंग हातातून सुटायला बघत होते, इतका वारा.

विनायक हातात फोन धरून वरच्या खिडकीत उभा होता. "मामा, गाडी वेळेवर सुटली."

"हो का?" आतून आवाज आला.

बातमी मलइयोवाल्यापर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार? "का गुरु, कोहरा कहाँ हौ?" त्याने भर गल्लीत हाक दिली. पानवाला म्हणाला, "गुरु ने अलमारी में बंद कर दिया." पाठक, जे लग्नापासून बोलत नव्हते, ते खास बोलायला आले. "आमचा मुहूर्त असा कधी चुकला नाही हो, सर." जन्मभर ज्या माणसाने चुकीचं सापडू नये म्हणून टक्के सांभाळले, तो सगळ्या गल्लीसमोर उघडा पडला होता. आणि मलइयो खात होता. निवांत.

मला राहवलं नाही. मी त्यांच्यामागोमाग छतावर गेलो. "सर, एवढं पक्कं सांगितलंत आणि चुकलं कसं?"

"चुकलं नाही," सर म्हणाले. "पश्चिमेचा कोरडा वारा काल दुपारीच सुरू झाला होता. वारा वाहता असला की हवा ढवळली जाते, धुकं धरत नाही. पहिल्या वर्षाला, पहिल्याच महिन्यात शिकवतो मी हे."

"पण काल तुम्ही वाऱ्याचं काही बोलला नाहीत."

"नाही बोललो."

सरांनी तापमापक बघितला, पुसला, परत बघितला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुनेची वेळ जवळ आलीय. आक्काला जायलाच हवं, तिला थांबवणारा मी कोण? पण चार दिवस मिळत होते. घेतले."

"मग परत कधी येणार ते तरी विचारा त्यांना."

"विचारू?" सर जरा हसले. "या घरात विचारते ती आक्का. मी उत्तर देतो. लहानपणापासून तसंच आहे. दिगू, भूक लागली का. दिगू, पाऊस येईल का. मला विचारायची सवय नाही हो, बँकवाले."

"कायमच्या जातील असं वाटतं तुम्हाला? अंदाज काय?"

"काढला नाही," ते म्हणाले. "काही गणितं माणूस मुद्दाम करत नाही."

संक्रांत आली. दुपारी सगळे वर. आक्कांनी तिळाच्या वड्या थापल्या होत्या आणि इकडच्या पद्धतीप्रमाणे खिचडी टाकली होती. विनायक सांगत होता, आईच्या खोलीला फिकट पिवळा रंग दिलाय, खिडकीतून बाग दिसते. सर वडी हातात धरून बसले होते, खात नव्हते. एकाएकी ते उभे राहिले आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू जावं अशा वर्गातल्या आवाजात म्हणाले, "आक्का, परत कधी येशील?"

शेजारच्या छतावर पतंग उडवणारा माणूससुद्धा वळला.

आक्कांनी उलथनं खाली ठेवलं. "आता विचारतोयस? फोन येऊन महिना झाला. मला वाटलं, दिगूने स्वैपाकाला बाई बघून ठेवली."

"बाई कशाला?"

"मग विचारलं का नाहीस?"

"आता विचारलं ना."

"बाळंतपण करीन," आक्का म्हणाल्या. "बारसं करीन. बाळ मान धरायला लागलं की येईन."

विनायक गडबडला. "आई, अगं, आपलं कायमचं ठरलं होतं ना?"

"तू ठरवलंस. मी हो कुठे म्हटलं? तू म्हणालास लिफ्ट आहे, मी म्हटलं बरं. लिफ्ट असणं बरंच असतं." मग त्या भावाकडे वळल्या. "आणि तू बारशाला यायचंस. तिकडेही छत आहे, लिफ्टने जाता येतं. कर तुझं काय ते वर बसून."

"येईन," सर म्हणाले.

मी पुढचा आकडा ऐकायला कान देऊन होतो. सरांनी वडी तोंडात टाकली.

आक्का निघाल्या त्या सकाळी आम्ही गल्लीतून एकमेकांचे खांदे धरून बाहेर पडलो, कारण समोरचा माणूस दिसत नव्हता. धुकं असं की ई-रिक्षावाला डोकं बाहेर काढून रस्ता विचारत चालवत होता. कॅन्ट स्टेशनवर पोचलो तर गाडी कधी येईल ते भोंग्यावरच्या बाईलाही सांगता येत नव्हतं.

"मामा," विनायक वैतागून म्हणाला, "हे काल तरी सांगायचं!"

"सांगितलं असतं," सर म्हणाले, "पण तू विश्वास ठेवला असतास?"

बाकावर दोघं बहीणभाऊ एकाच शालीत बसले. आक्का हिंगाच्या फळीपासून सुरुवात करून पुन्हा सगळं सांगत होत्या. सर एकीकडे "हो" म्हणत होते आणि दुसरीकडे शेजारच्या गोरखपूरच्या कुटुंबाला धुकं कसं बनतं ते समजावत होते. फलाटावरचं प्रत्येक माणूस गाडीच्या नावाने बोटं मोडत होतं. या दोघांना मात्र कसलीही घाई नव्हती. मला बँक होती, म्हणून आम्ही पाया पडून निघालो.

परतताना रिक्षात माझं मन भरून आलं होतं. मी सुनीताला म्हणालो, "आक्का किती भोळ्या गं. त्या संध्याकाळी सरांनी शंभर टक्के म्हटलं आणि त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. खरंच धुकं पडणार असं धरून बसल्या."

सुनीता शालीत तोंड लपवून हसायला लागली ती थांबेचना.

"भोळ्या?" ती म्हणाली. "अहो, त्याच दिवशी दुपारी त्या खाली आल्या होत्या. म्हणाल्या, सुनीता, उद्या पहाटे मला ताप येणार आहे. तू फक्त विनायकच्या देखत माझ्या कपाळाला हात लाव आणि 'अगंबाई' म्हण. संध्याकाळी सरांनी मध्येच धुकं पाडलं. माझं 'अगंबाई' तेवढं राहून गेलं."